गोजराबाईचा रिकामा खांदा

घाटाला अजून सडक नव्हती, माणूस पायीच चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. निवेवाडीत गोजराबाई राहायची. तिचा नवरा सटवाजी वाडीचा राखणदार. त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा बार निघाला की वाघ शिवेवरूनच मागं फिरायचा.

मग कुठंतरी बंड झालं आणि गोऱ्या सरकारनं हुकूम काढला, परवान्याशिवाय कुणी बंदूक बाळगायची नाही. परवाना मिळायचा तो इनामदारांना. सटवाजीनं बंदूक आढ्याला दडवली आणि काठी घेऊन राखणीला जाऊ लागला. त्याच वर्षी वाघानं त्याला शिवेवर गाठलं.

तेरावं झालं आणि गोजराबाईनं बंदूक खाली काढली. दारू भरली नाही. नुसती खांद्यावर घेतली आणि बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, आठ कोस चालून कचेरीत गेली.

"ही बंदूक. परवाना नाही. धरा मला."

फौजदार हळूच म्हणाला, "बाई, घरात दडवायची होतीस. कोण बघायला येतंय?"

"दडवली, म्हणून तर माझं कुंकू गेलं. वाडीला राखणीची बंदूक द्या, नाहीतर मला आत टाका."

तिला आत टाकलं. तीन महिन्यांनी ती परतली, तेव्हा वाडी सरकारला धास्तावली होती. ती पाणवठ्यावर आली की बायका अर्ध्याच घागरी उचलून निघायच्या. बोलायला माणूस नाही, म्हणून जेवताना ती सटवाजीच्या पाटाशी बोलायची.

बंदूक सरकारजमा झाली होती. तरी पुढच्या बाजाराला ती निघालीच, खांद्यावर बंदूक असावी तसा हात धरून. असं म्हणतात, खांदा रिकामा होता, पण कचेरीच्या भिंतीवर जी सावली पडली, त्या सावलीच्या खांद्यावर बंदूक होती. शिपायांनी तिला धरलं. कारकून पंचनामा लिहायला बसला आणि अडला. मुद्देमाल काय लिहायचा? सोडून दिलं.

सात वर्षं ती दर बाजाराला जात राहिली. वाटेतल्या खिंडीत बसून भाकर खायची, मागं वळून बघायची, कुणी येतंय का. कुणी आलं नाही. असं म्हणतात, शेवटी शेवटी वाघच तेवढा वाटेकडेला बसून तिला जाताना बघायचा.

एका बाजाराला ती खिंडीपुढं गेलीच नाही. गुराख्यांना दगडाला टेकलेली सापडली, हात तसाच खांद्याशी.

तिला अग्नी देऊन वाडी परतली. पुढच्या बाजाराला पहिली बाहेर पडली ती तिची शेजारीण तान्हू, पाणवठ्यावरून अर्धीच घागर उचलून निघणारी. मग एकेक दार उघडलं. चाळीस माणसं रिकाम्या खांद्यांनी कचेरीसमोर उभी राहिली, आणि असं म्हणतात, भिंतीवर चाळीस बंदुका उमटल्या. कचेरीतला गोरा साहेब बाहेर येऊन कितीतरी वेळ ती भिंत बघत राहिला. महिन्याभरात हुकूम आला, रानातल्या दर वाडीनं राखणीला एक बंदूक उघड बाळगावी.

आता तिथं वाघ नाहीत. पण निवेवाडीचं कुणी कोर्टात, कचेरीत किंवा दवाखान्यात जायला निघालं, की शेजारच्या घरातलं एक माणूस हातातलं काम टाकून सोबत निघतं. खिंडीत दोघं घटकाभर थांबतात आणि सांगतात, "गोजराआये, आम्ही दोघं आहोत गं."