पाण्यातून आणलेलं दार

"मग सर, हो कळवू ना त्यांना?"

शर्वाणीने पुन्हा विचारलं. दाभोळे सर नुसतेच दारासमोर उभे होते.

आर्किटेक्चर कॉलेजच्या अंगणात प्रदर्शन मांडलं होतं. मधोमध शर्वाणीची कलाकृती. एक जुनं सागवानी दार, चौकटीसकट, फरशीवर मोकळं उभं केलेलं. भिंत नाही, छप्पर नाही. महापालिकेला ते शहरातल्या मुख्य चौकात कायमचं बसवायचं होतं. फक्त तिला शिकवणाऱ्या दाभोळे सरांनी मान हलवायची बाकी होती. एवढ्या लहान वयात असा मान कुणाला मिळतो? शर्वाणीला ते पुरतं ठाऊक होतं, आणि चारचौघांत ते लपवायची तिला सवय नव्हती.

सरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"सर, देऊळ नाहीये ते."

"घराचं दार आहे ना?"

"घराची आठवण आहे. धरणात गेलेल्या गावातली."

"आणलंस कुठून?"

"तिथूनच. उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं. गाळात तसंच उभं होतं, कडी लावलेलं."

"कुणाला विचारलंस?"

शर्वाणी हसली. "विचारायला तिथे होतं कोण?"



अंगणापलीकडच्या सभागृहात व्याख्यान चालू होतं. सार्वजनिक कलेवर. वक्त्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

सर वाकले. चौकटीच्या तळाशी त्यांनी बोट फिरवलं.

"उंबरठा?"

"तो गाळात पार रुतला होता, हलेचना. मग चौकट खालून कापून घेतली. बरंच झालं, लोकांना सरळ आरपार जाता येतं."

"म्हणजे दार इथे, उंबरठा तिथे."

"हो."

"आणि कडी?"

"मी काढली. उघडं दार जास्त बोलतं, सर."

सर कडीच्या जागी उरलेली भोकं बघत राहिले.

दाभोळे सरांचं गप्प बसणं सोसायला छाती लागते. भलेभले बडबडायला लागतात. शर्वाणीही लागली. प्रकाश, पोकळी, विस्थापन, सगळं सांगून झालं. सर ऐकत होते की नाही, देव जाणे.

"पलीकडे जाऊन ये," मध्येच ते म्हणाले.

ती दारातून पलीकडे गेली आणि थबकली.

फरशीवर ओली पावलं होती. अनवाणी. मोठी, छोटी, एकाशेजारी काठीचा गोल ठसा. बोटांच्या खुणांत करडा गाळ. पावलं दारापासूनच सुरू होत होती. अलीकडची फरशी कोरडी ठणठणीत. सगळी पावलं सभागृहाकडे गेली होती. परत आलेलं एकही नव्हतं.

"पोरांनी पाणी सांडलं असेल," ती म्हणाली.

"असेल."

ती पावलांमागून गेली. सभागृहाच्या तोंडाशी उभी राहिली.

कॉलेजातल्या व्याख्यानाला गर्दी कधी होते का? पहिल्या वर्षाच्या पोरांना हजेरीची भीती घालून बसवावं लागतं. ती पोरं पुढे जांभया देत होतीच. पण त्यांच्या मागे एकही खुर्ची रिकामी नव्हती. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, मुंडासं बांधलेले म्हातारे, मांडीवर मूल घेतलेली एक पोरसवदा आई. कुणी खोकत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. पदरांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. एवढी माणसं बघून वक्त्याला भलतंच स्फुरण चढलं होतं.

पडद्यावर तिच्या दाराचा फोटो आला.

"या गावाची एवढीच खूण आता उरली आहे," वक्ता म्हणाला.

मागच्या रांगांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या सगळ्या माना वळवून शर्वाणीकडे बघत होत्या. रागाने नाही. दारात कोण आलंय म्हणून घरातली माणसं बघतात, तशा.

ती धावतच परत आली. सर चपला घालत होते.

"सर, ती माणसं..." तिने सभागृहाकडे बोट दाखवलं. "मला भीती वाटतेय, सर. त्यांना परत कसं पाठवू? ते जाऊ दे. दार चौकात लावू की नको, हो की नाही, तेवढं तरी सांगा."

सरांनी दाराची फळी हलकेच लोटली. ती आपल्याआप पुन्हा उघडली.

"मला कशाला विचारतेस आता?" ते म्हणाले. "घरचे आलेत ना."