तकियावरचा भोंगा

“पण बाबा, भोंगा आहेच, तर वाजवायला हरकत काय?”

नूरशाबाबा फकीर होते; तकिया ही त्यांची मठी. तकियाच्या पायरीवर बसून ते सुपातले तांदूळ निवडत होते.

भगवंतरावांचा जीव टांगणीला लागला होता. खासदारकीची ही दुसरी लढत. मागच्या वेळी जन्मगावानंच पाठ फिरवली होती, आणि तो घाव अजून ओला होता. आज पक्षाचे अध्यक्ष दिल्लीहून फोनवर त्यांच्यासाठी मतं मागणार होते; पण गाव जमलं तरच. आणि सकाळपासून प्रचाराची गाडी फिरवूनही पारावर चिटपाखरू आलं नव्हतं.

“फोन मी माइकला लावीन. अध्यक्ष स्वतः सांगतील, भगवंतराव आपला माणूस आहे म्हणून.”

“कुणाला सांगतील?”

“गावाला.”

“तुझ्याच?”

भगवंतराव ओशाळले, पण घोडं पुढं दामटलंच. “तुमच्या एका शब्दावर गाव गोळा होतं, असं ऐकलंय.”

“ऐकलंयस…” बाबा म्हणाले. “मला बोलावण्याची एकच रीत ठाऊक आहे. तसंच बोलावू?”

“कसंही बोलवा, बाबा!”

बाबा उठले. माइक हातात घेऊन क्षणभर डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले,

“या…”

गाव आलं. पीठ लागलेल्या हातांनी बाया आल्या, नांगर सोडून गडी आले. एवढी माणसं बघून भगवंतरावांची छाती फुगली. हात जोडून ते पुढं झाले.

दोघांनी हिरवे बांबू आणून भिंतीला टेकवले.

त्यांची चुलती, कोंडाकाकू, काठी टेकत जवळ आली. तिचे डोळे आधीच भरले होते.

“कोण गेलं रं, भगवंता?”

तेव्हा कुठं त्यांना उमगलं. हा भोंगा गावात कुणी गेलं तरच वाजायचा. काका गेले तेव्हाही वाजला असणार… ते जिल्ह्याला बैठकीत होते. लाजेनं त्यांची मान वर होईना.

हातातला फोन वाजू लागला. दिल्लीचा होता.

त्यांनी बाबांकडे पाहिलं.

“उचल,” बाबा म्हणाले. “सांग त्यांना, गाव आलंय. गाव नेहमीच येतं… आज पहिल्यांदा तू आलास.”