ज्याची जखम मोठी

एका राज्यात जखम भरत नसे. विळीवर बोट कापले तर ते कापलेलेच राही, पायात काटा रुतला तर रक्त ठिबकतच राही. न्हाव्यांनी वस्तरे पेटीत घातले, पुरुषांच्या दाढ्या छातीला टेकल्या आणि ज्याला त्याला आपल्या दाढीचा अभिमान वाटू लागला. माणूस कशाचा अभिमान बाळगील याचा नेम नाही. पण घरोघरी कुणी ना कुणी हळूहळू पांढरे पडत चालले होते, आणि त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

हे कसे घडले ते आधी ऐका. तिथला राजा उग्रकेतू आणि शेजारचा राजा कालंजर यांचे पाच वर्षे युद्ध चालले होते. कालंजर मांत्रिक होता, हवे ते रूप घेई. पण त्या मुलखात युद्धालाही रीत होती. लढाईआधी दोन्हीकडचे नगारची मैदानाच्या मधोमध येत आणि चार बोल म्हणत: पडलेल्याला मारू नये. शस्त्र टाकेल त्याला पाणी आणि छप्पर द्यावे. घरे, शेते, विहिरी आणि न लढणारी माणसे यांना हात लावू नये. जखम बांधणाऱ्यावर बाण सोडू नये, मग तो कुणाचीही जखम बांधो. एवढे झाले की नगारे वाजत आणि माणसे एकमेकांना कापू लागत. ते बोल म्हणजे काही शांतता नव्हे. पण त्यांच्यामुळे लढाईतून थोडी तरी माणसे परतत, आणि परतल्यावर त्यांना आपले घर जागेवर सापडे.

मैदानाच्या कडेला पांढऱ्या कापडाचा एक तंबू असे. तिथे तुळजा नावाची वैद्यीण दोन्हीकडच्या जखमींना पट्ट्या बांधी. तिची रीत एकच: ज्याची जखम मोठी, त्याला आधी पट्टी. बाजू विचारायची नाही.

एके दिवशी राजा तंबूपाशी आला. त्याचा लाडका निशाणदार हाताला फडके गुंडाळून बाहेर ताटकळत होता, आणि आत तुळजा शत्रूच्या एका शिपायाचे पोट शिवत होती. राजाचे माथे भडकले. नेमकी त्याच वेळी वार्ता आली की कालंजराने पिंपळदऱ्याच्या विहिरीत विष घातले आणि सव्वीस माणसे गेली. राजा म्हणाला, त्यांनी बोल मोडले, तेव्हा आता आपल्यावरही त्यांचे बंधन राहिले नाही. त्याने पांढऱ्या तंबूवर अग्निबाण सोडायला लावले.

तंबू जळाला. आतले एकोणीस जखमी जळाले. अकरा राजाचेच होते. तुळजा जळके हात घेऊन बाहेर आली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "राजा, जिथे जखमा भरत ती जागा तू जाळलीस. आता तुझ्या राज्यात जखम भरणार नाही." आणि त्या दिवसापासून भरली नाही.

राजाने हे वर्षभर सोसले, कारण सोसत होते ते दुसरे. मग त्याची एकुलती लेक हेमांगी हिच्या टाचेत बोरीचा काटा रुतला. मूल आठ वर्षांचे. थेंब थेंब रक्त जाऊन तिचे ओठ कागदासारखे झाले. राजवैद्य म्हणाले, फार तर दहा दिवस. राजाच्या पायाखालची जमीन सरकली. तो मुकुट काढून, पायी, एकटा जळक्या मैदानावर गेला.

तिथे एक टिटवी अंड्यांवर बसली होती. "जपून पाऊल टाक," ती म्हणाली. "तुळजा टेकडीमागे आहे."

राजा तुळजेच्या पाया पडला आणि औषध मागू लागला. तुळजा म्हणाली, आधी तीन कामे कर. पहिले काम असे, की तंबूत जळालेल्यांच्या अस्थी अजून राखेत पडल्या होत्या. त्या वेचून, नाव घेऊन, ज्याच्या त्याच्या गावी पोचवायच्या. नावे टिटवीला पाठ होती. शत्रूच्या गावात एका म्हातारीने गाठोडे घेतले आणि तू कोण म्हणून विचारले. राजाने खरे सांगितले. तिने दार लावून घेतले. राजा पुढे सांगे, तलवारीने झाली नसती एवढी जखम त्या दाराने झाली.

दुसरे काम राजाच्या तळघरात होते. शस्त्र टाकलेले शत्रूचे चाळीस शिपाई तिथे अंधारात कुजत होते. त्यांना उजेडात आणायचे, आपण खातो तेच जेवू घालायचे आणि त्यांच्या जखमा स्वतःच्या हाताने धुवायच्या. राजाला पट्टी धरता येईना. एका कैद्यानेच त्याला गाठ मारायला शिकवले, आणि तेही दोनदा.

यात सहा दिवस गेले. मग तुळजेने त्याला एक पट्टी दिली. "माझे हात गेले. ही एकच उरली आहे. ही एक जखम भरते," ती म्हणाली. "नीघ आता." तिसरे काम तिने सांगितलेच नाही.

राजा धावत निघाला. अर्ध्या वाटेवर झऱ्याकाठी कालंजर पडला होता. झऱ्यात विष टाकायला तो गिधाड होऊन आला होता. वेशीवरच्या तिरंदाजाने त्याला पाडले आणि पडताच तो पुन्हा माणूस झाला. विषाची कुपी दगडावर फुटली होती. बरगडीतून रक्ताची धार लागली होती. कमरेचा खंजीर काढून त्याने दूर फेकला.

"मार," तो म्हणाला.

राजाने तलवार उपसली. ती तशीच हातात राहिली. लेकीपाशी चार दिवस होते, याच्यापाशी घटकाभर. तुळजेची रीत राजाला लख्ख दिसत होती, आणि ती दिसू नये असे त्याला फार वाटत होते. तो दहा पावले पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी गुडघे टेकून त्याने पट्टी उलगडली.

"तुझी लेक आजारी आहे असे ऐकले," कालंजर म्हणाला.

"हो."

"म्हणजे ही तिची पट्टी."

"हो. हलू नकोस." राजाने गाठ आवळली. "मी तुला क्षमा केलेली नाही. सव्वीस माणसे मारलीस. उभा राहिलास की हात बांधून पंचांपुढे नेईन. पण आत्ता तू पडलेला आहेस."

आणि मग तो राजा झऱ्याकाठी बसून लहान मुलासारखा रडला. टिटवी आली आणि म्हणाली, "राजा, शाप सुटला. ज्याने तंबू जाळला त्यानेच तंबूची रीत पाळायची होती. घरी जा." घरोघरी रक्त थांबले होते. हेमांगीच्या टाचेवर खपली धरली होती आणि ती भात मागत होती.

दोन्ही मुलखांतले पंच बसले. कालंजर हात बांधून उभा राहिला. राजा सिंहासनावर न बसता त्याच्या शेजारी उभा राहिला, कारण तंबूचा हुकूम त्याचा होता. पंचांनी कालंजराची विद्या काढून घेतली आणि त्याला विहिरी खणायला लावले. राजाचा मुकुट सात वर्षे राणीकडे दिला आणि राजाला तुळजेच्या नव्या तंबूत चाकरीला ठेवले. जुन्या चार बोलांना पाचवा जोडला: समोरच्याने मोडले तरी आपण मोडू नये.

एके सकाळी राजा तंबूत पट्ट्या फाडत बसला होता. हेमांगी आली आणि समोर उभी राहिली.

"आबासाहेब, तुमच्याजवळ पट्टी होती. मग ती मला का नाही आणलीत?"

राजा म्हणाला, "त्याला तुझ्यापेक्षा जास्त लागले होते."

"मला तुमचा राग आला आहे," ती म्हणाली.

"येऊ दे, बाळ."

ती गेली नाही. खाली बसली, कापडाचे दुसरे टोक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले, आणि राजाने पुढची पट्टी फाडली.