न घासायची बंदूक

एका राज्यात पाखरं बोलत आणि माणसं जपून बोलत. तिथल्या शस्त्रागारात पितळी नळीची एक बंदूक होती, जुनेपणाची काळी साय धरलेली. तिला कोरडं फडकं फिरवायचं, चिंच लावायची नाही, असा पिढ्यांचा दंडक. का, ते कुणी विचारलंच नाही!

राणी कमळजा नवी होती, पोटुशी होती आणि हट्टी तर होतीच होती. खंडेनवमीच्या सकाळी नाक मुरडून म्हणाली, "पूजेत हे काळं तोंड? माझ्या माहेरी पाण्याचे हंडेसुद्धा झळकतात!" चिंच आणि राख घेऊन स्वतः घासायला बसली.

शेवटचा हात मारून ती राख धुवायला वळली, तोच बंदूक सोन्यासारखी लखलखली. भानवराजा कौतुकानं वाकला. नळीत त्याला आपला चेहरा दिसला, आणि त्याची पावलं पितळेची झाली.

वळचणीची साळुंकी किंचाळली, "बाई गं, काय केलंस! यात मारुख मांत्रिक कोंडलाय. साय म्हणजे त्याच्या डोळ्यांवरची पट्टी. आता यात आपला चेहरा बघेल तो पितळ होईल. दिवस मावळला की राजाचं काळीजही पितळेचं!"

"उपाय सांग. रडायला मागाहून वेळ आहे."

"पुन्हा साय धरव. गोमूत्राची वाफ दे, खाऱ्या विहिरीचं पाणी शिंपड, मग उघड्या हातांनी छातीशी धर. बघू मात्र नकोस."

राणीनं बंदूक पदरात गुंडाळली. ती लखलख पाहून गाई केव्हाच उधळल्या होत्या. गोठ्यात उरली होती एक आंधळी गाय. तिच्या गोमूत्राच्या वाफेनं पितळ तांबूस झालं.

खाऱ्या विहिरीत त्या बंदुकीनं मारलेल्या शिपायांची भुतं राहत. राणीनं पोहरा सोडताच त्यांनी दोर खाली ओढला. राणीच्या तळव्यांची सालटी निघाली. "तुम्हाला मारणाऱ्याचेच डोळे झाकतेय, मेल्यांनो, सोडा!" ती ओरडली. दोर सैल झाला. पाण्यानं पितळ हिरवट झालं.

राजा छातीपर्यंत पितळ झाला होता. राणी त्याच्या पायाशी बसली, डोळे मिटले, नळी कवटाळली.

नळीतून राजाचा आवाज आला, "कमळजे, मी सुटलो. बघ तरी." तिनं ओठ चावला.

आईचा आवाज आला, "पोरी, किती वाळलीस. वर बघ." तिच्या पापण्या थरथरल्या.

मग एक अगदी कोवळा आवाज आला. "आई, मी अजून तुझ्या पोटात आहे. मी कसा दिसतो, बघ ना."

राणीला दरदरून घाम फुटला. तळवे चिंब झाले. ती म्हणाली, "जन्मलास की बघेन."

तो भीतीचा घाम लागला तिथे पितळ काळं पडलं. आवाज आत घुसमटला आणि विझला. राजानं श्वास घेतला. म्हणाला, "सोड आता ती."

"आधी फडकं टाका वर!"

शाप मिटला, राज्य सावरलं. यथाकाल राणी बाळंत झाली. सुईण म्हणाली, "राणीसाहेब, बघा तरी!" राणीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाळानं टाहो फोडला. तो आवाज नळीतला नव्हता. तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.