दोन वकील आणि कड्यावरचा दोर

फार फार वर्षांपूर्वी, ढग डोंगरमाथ्यावर न थांबता खाली गावात येऊन माणसांमध्ये वावरत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या एका राज्यात न्यायसभा उघड्या ओसरीवर भरे. ढग आत शिरला की खांब दिसेनासे होत आणि बोलणाऱ्याचा नुसता आवाज तरंगत राही.

तिथे खुनाच्या खटल्याला दोन वकील असत. एक मेलेल्याच्या बाजूने बोले, दुसरा आरोपीच्या. मेलेल्यांच्या बाजूने बोलायचा सोमदत्त. त्याचे बोलणे असे, की ऐकणाऱ्याला वाटे, खून आपल्या डोळ्यांदेखत घडतो आहे. आजवर तो एकही खटला हरला नव्हता.

एकदा कान्हू नावाचा मध काढणारा कड्याखाली मरून पडलेला सापडला. तो दोराने कड्यावरून उतरे आणि मधाची पोळी कापे. वर दोर धरायला त्याचा जोडीदार भिवा असे. दोर कोयत्याने कापलेला होता, आणि त्याच सकाळी दोघांचे भांडण झालेले लोकांनी ऐकले होते. भिवाला धरून आणले. खुन्याला कड्यावरून लोटून द्यायचे, अशी तिथली शिक्षा होती.

सोमदत्ताने दोराचे कापलेले टोक सभेपुढे धरले. भांडण, कोयता, तो निर्जन कडा, सगळे त्याने असे गुंफले की माणसांच्या अंगावर काटा आला. मग आरोपीची वकील देवयानी उठली. कान्हू बेफिकीर होता, मोहाची दारू पिऊन उतरला असेल आणि चुकून त्याचाच कोयता दोराला लागला असेल, असे तिने मांडले. लोक सकाळी इकडे झुकले, दुपारी तिकडे. भिवा मात्र मान खाली घालून गप्प बसून राहिला.

"तुम्ही दोघंही छान बोललात," न्यायाला बसलेली राणी म्हणाली. "पण कड्यावर काय झालं, ते मला अजून दिसत नाही. उद्या जागा बदला. सोमदत्ता, तू भिवासाठी बोल. देवयानी, तू कान्हूसाठी."

सोमदत्ताला हा अपमान वाटला. तरी संध्याकाळी तो कोठडीत गेला. माणसाला पेचात पकडणारे प्रश्न त्याला पुष्कळ येत होते. आज त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. शेवटी त्याने नुसतेच विचारले, "काय झालं होतं रे?"

भिवाने वर पाहिले. हे त्याला अजून कोणी विचारलेच नव्हते. सोमदत्ताने कबुली मागितली होती, देवयानीने गप्प राहायला सांगितले होते.

"कडा ओला होता. आज उतरू नको म्हणून मी भांडलो. त्यानं ऐकलं नाही. दोर बांधलेली मेख उपटली, आणि मी कड्याकडे ओढला जायला लागलो. तो खालून म्हणाला, भिवा, सोड. मी नाही सोडला. मग त्यानंच कोयता काढला."

"हे बोलला का नाहीस?"

"कोणाला खरं वाटलं असतं? आणि मी जिवंत आहे, हाच मला गुन्हा वाटतो."

त्याने मुठी उघडल्या. दोराने दोन्ही तळहात सोलून निघाले होते. सोमदत्ताने वाकून ते पाहिले. ज्या हातांना त्याने खुनी म्हटले, ते त्याने एकदाही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सभेत ढग दाटला होता. सोमदत्ताने भिवाजवळ सापडलेल्या दोराचे वेटोळे उलगडायला लावले. दोन सेवक टोक धरून चालू लागले. ते ढगात शिरले, दिसेनासे झाले, तरी दोर सरकतच होता.

"एवढा दोर वर भिवाकडे राहिला," सोमदत्त म्हणाला. "म्हणजे तो खाली, कान्हूच्या हाताशी कापला गेला. तिथं वरून कोणाचाही कोयता पोचत नाही. मी तुम्हाला नुसतं टोक दाखवलं." मग त्याने भिवाची हकिकत सांगितली.

देवयानी आदली सगळी संध्याकाळ कान्हूच्या घरी बसली होती. कान्हू दारूला शिवतही नव्हता, उतरण्याआधी दोराचा पेड न् पेड तपासायचा, हे तिने सभेला सांगितले. मेलेल्या माणसावर आपण खोटा ठपका ठेवला म्हणून तिने त्याच्या बायकोची माफी मागितली.

राणीने भिवाला निर्दोष सोडले. तरी तो जागचा उठेना. तेव्हा ढगातून वाट काढत कान्हूची बायको आली, त्याच्यापुढे बसली आणि त्याचे सोललेले हात तिने हातात घेतले.

"स्वतः मरून त्यांनी तुम्हाला वाचवलं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही असं मेल्यासारखं बसायचं नाही. घरी चला."

तेव्हा कुठे भिवा रडला.

त्या दिवसापासून त्या राज्यात खटला उभा राहण्याआधी दोन्ही वकील एकमेकांच्या जागी बसून त्या बाजूच्या माणसांचे ऐकून येऊ लागले. सोमदत्त पुढे काही खटले हरला, आणि त्याचे त्याला वाईट वाटले नाही.

लहानथोरांनी यातून एवढे घ्यावे: समोरच्याच्या जागी बसून त्याचे ऐकून घेतल्याशिवाय कोणाचाही न्याय करता येत नाही.