बहात्तर फेऱ्यांचे उत्तर

विषय: खाडी ओलांडण्याचा वार्षिक खर्च, दोन पर्यायांची तुलना.
संदर्भ: मोरेश्वर मास्तरांचे गणित.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, खाडीकाठच्या एका गावात मोरेश्वर नावाचे एक मास्तर होते. ते सातवीला गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात गावाला. गावाने मागितले नसले तरी.

तेव्हा गावाची होडी जानू तारी चालवी. दर घराने सुगीला त्याला मणभर भात द्यायचे, मग वर्षभर कितीही जा-ये करा. फेऱ्या कोणी मोजत नसे. पलीकडून हाळी आली की जानू जेवताजेवता उठे आणि तोंड पुसत होडी सोडी. मास्तरांची आई पलीकडे धाकट्या भावाकडे राही. दर रविवारी मास्तर तिला भेटायला जात. एखादा रविवार चुकलाच, तर जानू आपणहून तिची खुशाली घेऊन येई आणि तिने वाफवून दिलेली फणसाची गोड सांदणेही. त्यांतले एखादे वाटेत कमी होई.

मग खाडीत यंत्राची लाँच आली. वर्षाची नोंदणी सहा रुपये, शिवाय दर फेरीला चार आणे. स्वस्त काय, हा प्रश्न गावाला पडण्याआधीच मास्तरांना पडला. त्यांनी शाळेबाहेरच्या फळ्यावर दोन समीकरणे मांडली. मणभर भात म्हणजे चोवीस रुपये, म्हणून होडीचा खर्च = २४. लाँचचा खर्च = ६ + फेऱ्या ÷ ४. दोन्ही खर्च सारखे धरले की फेऱ्या येतात बहात्तर. त्याच्या आत लाँच स्वस्त, त्याच्या वर होडी.

आजवर न मोजलेल्या फेऱ्या गाव बोटांवर मोजू लागले. त्रेसष्ट घरांपैकी पन्नास घरे बहात्तरांच्या आत निघाली. काही ओढूनताणून आत बसली. मास्तरांच्या स्वतःच्या फेऱ्या भरल्या एकशे चार. लाँचने बत्तीस रुपये पडले असते, म्हणून ते होडीतच राहिले.

जानू एके दिवशी फळ्यापुढे येऊन बराच वेळ उभा राहिला.

"मास्तरानू, ह्येच्यात मी खंय आसंय?"

"त्या चोवीसात," मास्तर म्हणाले.

"आणि चोवीस देणारी घरां तेराच उरली तर?"

तो वेगळ्या गणिताचा प्रश्न आहे, असे मास्तरांनी सांगितले. ते गणित मांडण्याइतकी जागा फळ्यावर होती. पण बहात्तर हे उत्तर पूर्णांकात आले होते, सुरेख आले होते, आणि त्याच्या शेजारी दुसरे काही लिहायला मास्तरांचा हात होईना.

तेरा मण भातात जानूचे घर चालले नाही. त्याने होडी विकली आणि तो लेकीकडे गेला. पुढच्या वर्षी लाँचची नोंदणी सहाची अठरा झाली आणि फेरी आठ आण्यांची. त्याच्या पुढच्या वर्षी, उतारू कमी म्हणून रविवारची लाँच बंद झाली. मास्तरांनी पुन्हा खडू हातात घेतला. पण होडीचे समीकरण आता उरले नव्हते, आणि दोन अज्ञातांच्या एकट्या समीकरणाला ठरावीक उत्तर नसते, हे ते स्वतःच मुलांना शिकवत. लाँचचा मालक सांगेल ते उत्तर.

आता रविवारी मास्तर धक्क्यावर उभे राहतात. समोरच्या काठावर आई दिसते, म्हणजे तिचे पांढरे लुगडे दिसते. हाळी तिला ऐकू येत नाही. रस्त्याने वळसा अठरा मैलांचा. तो महिन्यातून एकदा जमतो.

गावाला पुन्हा होडी मिळावी म्हणून मास्तरांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. गरज सिद्ध करण्यासाठी गेल्या वर्षीच्या होडीच्या फेऱ्यांचा आकडा जोडावा, असे कचेरीने कळवले. आकडा शून्य होता. मास्तरांनी तोच जोडला. या गोष्टीला दोन वर्षे झाली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: दोहोंतले स्वस्त कोणते हे काढण्यापूर्वी, आपण निवड केल्यावर दुसरे शिल्लक राहील का, हे आधी काढावे.