काजळीचा चिखल

फार पूर्वी म्हशी बोलत असत आणि त्यांच्या मुली उलट बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मोरी म्हशीची वगार काजळी वयात येत होती. आईचा नियम एकच होता. उन्हाळ्यात अंगभर चिखल माखल्याशिवाय चरायला जायचं नाही.

"मी नाही माखणार," एके सकाळी काजळी म्हणाली. "माझी कातडी बघ किती चकाकते! अंग माझं आहे ना?"

"अंग तुझंच आहे गं," मोरी म्हणाली, "पण ते माश्यांना कुठे माहीत आहे?"

काजळी ऐकेना. ती तशीच चकाकत गेली. दुपारपर्यंत उन्हाने तिची पाठ भाजली आणि माश्यांनी चावून कान सुजवले. ती धावत परतली आणि मुकाट्याने डबक्यात शिरली. "सांगत होते ना," हे शब्द मोरीने कसेबसे गिळले.

डबक्यातून निघालेली काजळी थेट फुललेल्या बहाव्याखाली जाऊन लोळली. उठली तेव्हा ओल्या चिखलावर पिवळ्या पाकळ्याच पाकळ्या चिकटल्या होत्या.

"हे काय सोंग?" मोरी ओरडली.

"चिखल आहे ना अंगभर? मग त्यावर काय लावायचं ते माझं मी ठरवणार."

मोरीने लेकीभोवती एक फेरी मारली.

"डाव्या कुशीवर कमी आहेत," ती म्हणाली. "पुन्हा लोळ."